बंद पडणारी गाडी

रविवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी अनसूया डोंगरे रिछाईच्या बंद कारखान्यांमधल्या रस्त्यावर होती आणि तिची नजर शेजारी गाडी चालवणाऱ्या मीराच्या डाव्या पायावर होती. जबलपूरच्या महाराजपुरात ती बारा वर्षं बायकांना गाडी शिकवत आली होती. शिकणारीचं काय चाललंय ते आधी पायाला कळतं, चेहऱ्यावर नंतर दिसतं, हे ती सगळ्यांना सांगे.

आज मात्र परीक्षा गाडीची होती. तिच्या ड्रायव्हिंग शाळेची जुनी पेट्रोल गाडी थकली होती. तिच्या जागी त्याच कंपनीची, त्याच आकाराची वापरलेली गाडी घ्यायची एवढं ठरलं होतं. पेट्रोल की डिझेल, ते अडलं होतं. साल २०१३. जबलपुरात जो तो डिझेलमागे होता. शाळेत अर्धा भागीदार असलेला दीर शैलेंद्र म्हणायचा, डिझेल स्वस्त पडतं, विषय संपला. अनसूयेचाही कल तिकडेच होता, पण तिचं कारण वेगळं होतं. नवशिकीच्या हातात पेट्रोल गाडी बंद पडते. अधारतालच्या चौकात लागोपाठ दोनदा बंद पडली आणि मागून हॉर्न वाजले, की बाई घरी जाऊन रडते आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. डिझेलला सुरुवातीपासून जोर असतो. क्लच सोडला की उजव्या पायाने ॲक्सिलरेटर न दाबताही गाडी चालू लागते.

ओळखीतले लक्ष्मणराव आपली डिझेल गाडी विकत होते. दुपारी बाराला दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, तोवर चालवून बघा म्हणाले. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक नव्हता. अनसूयेला ते माहीत होतं. म्हणून तर तिने रविवार निवडला होता, आणि सुट्टीत ओसाड पडणारी रिछाई.

मीराने पाच वेळा गाडी थांबवली आणि पाच वेळा काढली. एकदाही बंद पडली नाही. महिनाभर ओठ आवळून शिकणारी ही पोर पहिल्यांदाच हसली.

“दीदी, ही तर आपल्या आपण चालून राहिली!”

अनसूयेने मनात होकार देऊन टाकला होता. तेवढ्यात वळण आलं. वळणापलीकडे डाव्या हाताला एका कारखान्याचं फाटक होतं. भिंतीला टेकवलेली सायकल, तिच्याजवळ बाज आणि बाजेवर चहा पीत बसलेला चौकीदार डोमाजी. वळताना मीराचे दोन्ही पाय पेडलांवरून उठले. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती आणि चालतच होती.

“डावा दाब,” अनसूया म्हणाली.

मराठी घरांतल्या मुलींना ती बारा वर्षं हेच सांगत आली होती. डावा म्हणजे डावा पाय, म्हणजे क्लच; तो दाबला की चाकांना इंजिनाचा जोर मिळत नाही. पण मीराच्या वडिलांचे ट्रक होते. घरात मराठी आजीपुरती. अंगणात दिवसभर क्लीनर ओरडत, ‘बाएँ दबा, बाएँ दबा!’ म्हणजे गाडी डावीकडे घे. मीराने जे लहानपणापासून ऐकलं होतं तेच केलं. तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

“डावा! मीरा, डावा!”

मीराने आणखी फिरवलं.

अनसूयेने हँडब्रेक ओढला. मागची चाकं कुरकुरली, गाडीचा वेग कमी झाला. पण इंजिन मरेना. बाजेकडे ते रेटतच राहिलं. तिने वाकून किल्ली फिरवली, तेव्हा कुठे सगळं थांबलं. सायकल आडवी झाली होती. बंपर आणि बाजेच्या पायात वीतभर अंतर होतं. डोमाजीने पाय वर घेतले होते आणि कप सोडला नव्हता.

“काहून बाई,” तो म्हणाला, “पोरीले शिकवून राहिली का मले मारून राहिली?”

कोणी हसलं नाही. मीराचे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. अनसूयेने उतरून सायकल उभी केली, माफी मागितली, गाडी स्वतः चालवत मीराला घरी सोडलं आणि गाडी लक्ष्मणरावांच्या दारात लावली.

मग आपली जुनी गाडी काढून ती एकटीच परत रिछाईला आली. तिला पाहताच डोमाजीने न सांगता बाज फाटकाच्या आत नेली. तिने तेच वळण घेतलं, पहिला गिअर ठेवला, पाय उचलले आणि हँडब्रेक ओढला. गाडीने एक हिसका दिला आणि मेली. तिने तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा मेली.

शैलेंद्र घरी वाट पाहत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “वहिनी, चूक तुमच्या शब्दाची होती. इंजिनाची काय चूक?”

“शब्दाचीच होती,” ती म्हणाली. “आणि दुसरा ब्रेक नसताना पोरीला बसवलं, ती चूक पण माझीच.”

“मग शब्द बदला. नवीन गाडीत ब्रेक तर बसवणारच आहोत.”

“बदलीन. पण उद्या दुसरा कुठला तरी शब्द चुकेल. माझा पाय उशिरा पडेल. तेव्हा गाडी बंद पडायला पाहिजे, शैलेंद्र.”

चौकात रडून जाणाऱ्या बायकांचं काय, हे त्याने विचारलं. त्या जातील, ती म्हणाली. बाराला दहा मिनिटं असताना तिने लक्ष्मणरावांना फोन करून नाही म्हणून कळवलं. मीरा उद्या येणार का हे विचारायला तिने तिच्या घरी दोनदा फोन केला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा तिच्या आईने उचलला आणि विचारून सांगते म्हणाली. संध्याकाळपर्यंत फोन आला नव्हता.

उद्या सोमवार. रिछाईत पहाटेपासून ट्रक लागतात, म्हणून सोमवारचा पहिला धडा महाराजपूरच्या मैदानात असतो, साडेसहाला. ती वेळ मीराची आहे.