कुलूपवाल्या मावशींचं स्वतःचं दार

कुलूपवाल्या मावशी मला पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा मी माझ्याच बंद दाराला धडका देऊन दारापेक्षा जास्त खिळखिळा झालो होतो. सत्तरीच्या मावशींनी मला दोन बोटांनी बाजूला सारलं, कुलपात तार फिरवली आणि दार उघडलं.

"दार चांगलंय," त्या म्हणाल्या. "माणूस बदला."

पुढे कोपऱ्यावरच्या घड्याळजी आजोबांना चोरांनी भर रस्त्यात ठार मारलं आणि गल्ली हादरली. मावशींनी एकट्या राहणाऱ्या प्रत्येक बाईच्या दाराला आतून जाड कडी बसवली. "म्हाताऱ्याला रस्त्यात गाठतात, म्हातारीला घरात," त्या म्हणायच्या.

"मग तुमच्या दाराला कडी कुठाय?" मी विचारलं.

"कडी लावली की मुलगा दाराला लाथा घालतो. शेजारी बघतात."

"आणि नसली की कोणाला घालतो?"

त्यांनी कानस उचलली. "तुमची किल्ली घासायची होती ना?"

गेल्या महिन्यात मुलाच्या मारहाणीत मावशी घरातच गेल्या. कुलूप शाबूत होतं. मुलाकडची किल्ली त्यांनीच करून दिली होती.