दीडपट वेगानं पाहिलेली मालिका

आमच्या घरात टीव्हीवर काहीही बघितलं की मत द्यावं लागतं. "बरं होतं" हे मत धरलं जात नाही. आणि वयानं जो सगळ्यात लहान, त्यानं आधी बोलायचं. पप्पांनी हा नियम युनियनमधून घरी आणला. कमिटीत थोरला आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना हलवतात, म्हणून नव्या पोरानं पहिलं तोंड उघडायचं आणि मग एकेक वर चढत जायचं. घरात आम्ही तिघंच. आधी मी, मग आई, शेवटी पप्पा. दुसरीत असताना मी एका सिनेमाच्या हिरोला 'बायकोशी नीट बोलत नाही' म्हणून नापास केलं होतं आणि पप्पांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं होतं.

पुढे मी पत्रकं लिहायला लागले त्याचं मूळ बहुतेक तिथंच आहे. नाशिकरोडला आमची कंत्राटी कामगारांसाठी काम करणारी छोटी संघटना आहे, आणि तिथलं लिखाणाचं काम माझ्याकडे. पत्रक लिहायला शिकवणारे सांगायचे, पहिल्या ओळीत आरोप, दुसरीत मागणी, तिसरीत ठिकाण आणि वेळ. वाचणारा सिग्नलला उभा असतो, सिग्नल सुटायच्या आत त्याला राग आला पाहिजे. राग आणायला मला कधी जड गेलं नाही. मला तो आयताच येतो.

तर ती मालिका. हिंदी, एका वीज केंद्रातल्या संपाची. महिनाभर ज्याच्या त्याच्या तोंडी तीच. तिच्यात संपाचा पुढारी ठेकेदाराकडून बंगला घेतो आणि संप फोडतो. झालं! घरबसल्या लाखो लोकांना काय शिकवलं? की युनियन म्हणजे विकाऊ माणसं. मी पुरावे गोळा करायला बसले. संघटनेच्या खोलीत, मोबाईलवर, दीडपट वेगानं, कारण आठ भाग सरळ बघायला वेळ कुणाकडे आहे? प्रत्येक भागातला गुन्हा टिपला, पत्रक लिहिलं, रविवारी सकाळी समाजमंदिरात निषेध सभा ठरवली आणि ग्रुपवर टाकून मोकळी झाले की माझे वडील पहिले वक्ते. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसला अख्खी नोकरी कोळशाच्या विभागात, वर युनियनमधले जुने कार्यकर्ते. त्यांच्यापेक्षा मोठा साक्षीदार कुठून आणायचा? पोरं खूश. सभा पप्पांवर उभी होती, आणि पप्पांना विचारायचं मात्र राहिलं होतं.

घरी आले तर पप्पा-आईची मालिका आधीच बघून झालेली. जेवता जेवता मी माझी पाळी घेतली आणि जवळजवळ अख्खं पत्रकच म्हणून दाखवलं, आठही भाग दीडपट वेगानं उरकल्याचंही सांगितलं. आईनं भाकरी वाढली.

"मला तर लय आवडली," ती म्हणाली. आई घोटीकडची, शहरात इतकी वर्षं काढली तरी बोली सोडली नाही. "ती त्याची बायको हाय ना, ती. बंगल्यात गेल्यावर तिला चूल कुठं मांडू ते कळत नाय. लय खरी वाटली."

"आई, बंगल्यात चूल नसते."

"तेच म्हणतेय की मी."

मग पप्पा. ते एवढंच म्हणाले, "आवडली."

"कारण द्या," मी म्हटलं. नियम सगळ्यांना सारखा.

पप्पांनी हात धुतला, रिमोट घेतला, "थांब" म्हणाले आणि दुसरा भाग लावून पुढे ढकलत ढकलत एका ठिकाणी आणला. एक साधा कामगार कोळशाच्या ड्यूटीवरून घरी येतो. ओट्यावर बसतो. बूट उंबऱ्यावर आपटतो. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक पिळून नाकपुडीत घालतो, फिरवतो, बाहेर काढून बघतो. काळं. दुसऱ्या नाकपुडीत घालतो, पुन्हा बघतो. बायको तांब्या ठेवते.

"बघितलंस?"

"काय?"

"टॉवेल."

मी हा प्रसंग बघितला होता का? बघितलाच असणार. दीडपट वेगात माणूस तोंड पुसतोय एवढंच दिसलं असेल.

"काढल्यावर बघतो तो," पप्पा म्हणाले. "बघायची काही गरज नसते. काळंच असणार, माहीत असतं. तरी रोज बघायचं. हे कोणी सांगितलं असेल गं यांना?"

"पप्पा, त्यांनी तुमच्या पुढाऱ्याला चोर दाखवलाय."

"दाखवलाय की. मलापण राग आला."

"मग?"

"मग काय? आवडली म्हटलं."

"तुमच्यात होता का असा कोणी?"

"आमच्यात नव्हता. पण माणसं असतात तशी."

हे उत्तर झालं? मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "दीडपट पळवून बघितल्यावर माणसं चिडकीच दिसणार, बाई. सरळ बघ एकदा."

"रविवारी तुम्हाला बोलायचंय," मी पप्पांना सांगितलं. "निषेध करायचाय."

"बोलेन की."

"निषेध."

"अगं, बोलेन म्हटलं ना!"

पुढचे दिवस मी नुसती गोंधळलेली. पत्रक पुन्हा पुन्हा वाचायचे आणि त्यात एकही चूक सापडायची नाही. पुढारी विकलेला दाखवलाय हे खरं. त्यानं कामगारांची बदनामी होते हेही खरं. मग ज्याची बदनामी झाली तो माणूस कोचावर बसून एका टॉवेलसाठी तेच दृश्य पुन्हा लावतो, याचा हिशोब कुठं लावायचा? शुक्रवारी मी त्यांना सरळ विचारलं, "नक्की येताय ना?" ते इस्त्रीचा शर्ट शोधत होते. म्हणजे येणार. पण काय बोलणार?

रविवारी समाजमंदिर बऱ्यापैकी भरलं. आमची पोरं होती, आणि मागच्या खुर्च्यांवर पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेली पप्पांच्या वेळची मंडळी. मी पप्पांचं नाव पुकारलं तर ते जागेवरूनच म्हणाले, "लहान आधी." मागचे हसले. म्हणून आधी मी बोलले. बरी बोलले, टाळ्या पडल्या. आमची पोरं बोलली. बहिष्काराचा ठराव तयारच होता, फक्त हात वर व्हायचे राहिले होते. मग पप्पा माईकपाशी आले.

त्यांनी टॉवेलचं सांगितलं. सगळं, बूट आपटण्यापासून. मागच्या खुर्च्यांवर एकदम हालचाल झाली. एकानं खरोखर नाकाला हात लावला.

"पुढारी वाईट दाखवलाय," पप्पा म्हणाले. "राग आलाय मला. पण हे ज्यानं लिहिलं तो आपल्यातल्या कोणाच्या तरी ओट्यावर बसून गेलाय. टॉवेल खरा सांगणाऱ्याला पुढाऱ्यापुरतं खोटारडा कसं म्हणू? का म्हणायचं? मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा."

मी आयुष्यात कधी माईकवरून कोणाला 'मला कळत नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. पत्रकात तर ते बसतच नाही.

"भाऊ, बाकी बरोबर, पण ते हेल्मेट साफ चुकीचं आहे," मागून एक काका ओरडले. "आमच्या हेल्मेटला अशी पट्टी कधी होती?"

"ते सोडा, कँटीनचा चहा बघितला का? काचेच्या ग्लासात! कुठल्या कँटीनमध्ये मिळतो हो?"

"कितव्या भागात आहे तो टॉवेल?" आमच्याच एका कार्यकर्तीनं विचारलं. तिनं मालिका बघितलीच नव्हती. सकाळपासून घोषणा तीच देत होती.

मग सभा राहिली नाही. कोणी म्हणालं बायको अगदी खरी दाखवलीय, कोणी म्हणालं साहेब जास्तच काळा रंगवलाय, साहेबही काही इतके वाईट नव्हते, त्यावर दोन काका भांडले. कोणी घरी आणखी काय बघण्यासारखं आहे ते विचारायला लागलं. ठरावाला हात वर झालेच नाहीत. शेवटी काय ठरलं, तर ज्यांनी बघितली नाही त्यांनी आधी बघून या. बहिष्कार टाकायला जमलेल्या सभेनं ती मालिका बघायचं ठरवलं!

"तुझ्या वडलांनी सभा उधळली," आमचा अध्यक्ष मला कोपऱ्यात म्हणाला. मी "हो" म्हटलं. पण त्यांच्यावर रागवावं की त्यांचा अभिमान वाटून घ्यावा हे मला तिथं कळलं नाही, स्कूटरवर त्यांच्या मागं बसूनही कळलं नाही.

"पप्पा, तुम्ही आमच्या बाजूनं की त्यांच्या?"

"हेल्मेट सरळ घाल," ते म्हणाले. "बाजू नंतर बघू."

संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसले. शेवटचा भाग, साध्या वेगानं. पुढारी बंगल्यात राहायला येतो. कोरी भिंत, कोरा सोफा. बायको स्वयंपाकघराच्या दारात नुसतीच उभी. आई खरं सांगत होती, तिला काय कुठं मांडू ते कळत नाही. पुढारी न्हाणीत जातो, पांढराशुभ्र टॉवेल घेतो, त्याचं टोक पिळतो, नाकपुडीत घालतो, फिरवतो, बाहेर काढतो. बघतो.

पांढरं.

तो बघतच राहतो. आणि मालिका संपते.

हे माझ्या टिपणात 'तोंड पुसतो, पश्चात्ताप नाही' असं होतं.

पप्पांनी आवाज बंद केला. हे त्यांनी आधीच बघितलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. हा त्या माणसाला मारलेला फटका होता की त्याची कीव? मला त्याचा अजून राग येत होता. पण तो राग नक्की कुठं धरून ठेवायचा तेच सुचेना. कामगारांची बदनामी अजूनही झालीच होती. पत्रक अजूनही बरोबरच होतं.

"बोल," पप्पा म्हणाले. "लहान आधी."

मी टिपण उलटं करून ठेवलं.

"अगं बोल की," आई म्हणाली, "माझा नंबर खोळंबलाय."

"थांबा," मी म्हटलं आणि रिमोटसाठी हात पुढे केला.