हिरवा आकडा

टँकरवाल्याची बायको चौकातल्या बोर्डाला सासूबाई म्हणायची. खरी सासू कधीच वारली होती आणि स्वभावानं गरीब होती बिचारी. ही मात्र खमकी. महानगराच्या हवा खात्यानं उभारलेला, हवा किती खराब ते आकड्यात दाखवणारा हा बोर्ड खोलीच्या खिडकीतून समोरच दिसायचा. आकडा लाल असला की खिडकी बंद, बाहेर पाऊल नाही. हिरवा असला की "सासूबाईंनी परवानगी दिली हो," म्हणत ती खिडकी सताड उघडायची आणि खुर्ची ओढून तिथंच बसायची. दम्यानं बेजार झालेलं माणूस, चांगली हवा मिळाली तर सोडणार थोडंच!

नवरा त्याच खात्यात. टँकरनं रस्त्यावर पाणी फवारून धूळ बसवायची, हे त्याचं काम. माणूस साधा, सांगितल्या कामाचा. स्वच्छ हवेची मोहीम निघाली आणि मुकादमानं फर्मावलं की बाकीचे रस्ते राहू देत, चौकातल्या हवा मोजायच्या यंत्राभोवतीच फेऱ्या मार. यानं मारल्या. बोर्ड हिरवा झाला आणि याची छाती फुगली. का नाही फुगणार? आपल्या हातानं हवा सुधारते आणि घरी बायको खिडकी उघडून बसते, आणखी काय हवं माणसाला?

पण बायको सुधारेना, उलट खंगत चालली. हिरव्या दिवशीसुद्धा तिला धाप लागायची, जिना चढताना अर्ध्यातच बसायची. पूर्वी लाल दिवशी त्रास झाला की बोर्डाला चार शिव्या घालून ती मोकळी व्हायची. आता शिव्या घालणार कुणाला? चांगल्या हवेतही दम लागतो म्हणजे आपलंच आतून संपत आलं, असं तिनं मनाशी धरलं. नवऱ्याला भाजीत मीठ किती घालायचं ते शिकवायला लागली. थट्टामस्करी बंद झाली.

डॉक्टरांनी विचारलं होतं की हवा खराब असते तेव्हाच होतं का. दोघांनी एका सुरात सांगितलं, नाही, हिरवं असतानाही होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. असंच राहिलं तर पुढच्या खेपेला जबर गोळ्या सुरू कराव्या लागतील, म्हणाले. त्या हाडं पोखरतात, साखर वाढवतात, पण दुसरा इलाज नाही.

त्या खेपेच्या आदल्या दिवशी टँकरमध्ये थोडं पाणी उरलं. वाया कशाला घालवा म्हणून यानं ते पलीकडच्या रस्त्यावर मारायला घेतलं. तिथं बांधकाम चाललेलं, धुळीनं समोरचं दिसत नव्हतं. याचाच घसा धरला. मुकादम आला. ओरडला नाही, हसला.

"अरे शहाण्या, ताप उतरत नसला तर थर्मामीटर बर्फात धरायचा. पेशंटला कशाला आंघोळ घालतोस?"

हाही कसनुसा हसला. मग त्यानं मान वर केली. बोर्ड हिरवागार. त्याच्या वर आपली उघडी खिडकी, आणि खिडकीत ती, तोंड उघडून श्वास घेत बसलेली.

घरी जाऊन त्यानं आधी खिडकी लावली. हिरवं आहे की, असं ती म्हणाली तर गार वाटतंय म्हणाला. पुढचं तोंडातून फुटेना. खोली खात्याची, बायकोच्या औषधाचं कार्ड खात्याचं. मागं एका ड्रायव्हरनं तोंड उघडलं होतं, त्याचं बिऱ्हाड आठवड्यात रस्त्यावर आलं होतं. बायको रात्रभर भिंतीकडे तोंड करून मुसमुसत राहिली, आणि हा जागाच, मेल्यासारखा पडून.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. काल तर दिवसभर हिरवं होतं, तरी जीव जातो की काय असं झालं, ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली आणि गोळ्या लिहायला घेतल्या. टँकरवाला खुर्चीतून उठला.

"डॉक्टर, थांबा. ते हिरवं खोटं असतं. ते मी करतो."

मग त्यानं अडखळत सगळं सांगितलं, यंत्र, फेऱ्या, थर्मामीटर, काहीही न गाळता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, तर मग गोळ्या नकोत. खिडकी बंद ठेवून महिनाभर बघू, फुप्फुसं मला वाटली तितकी गेलेली नसतील.

"म्हणजे मी इतक्यात जात नाही?" तिनं विचारलं. नाही हो, डॉक्टर म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. ते तिथंच थांबलं, आणि ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"काल. दुपारी."

"म्हणजे रात्री मी रडत होते, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला."

तो म्हणाला, भीती वाटली.

"कुणाची?" तिनं विचारलं.

मुकादमाचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं, पण तिच्यासमोर ते उच्चारायची त्याला लाज वाटली.