हात न जोडणारा टेम्पोवाला

गणेश चतुर्थी, सकाळ. हजर: मी, शेजारच्या काकू आणि झिरकपूरहून आमच्या मराठी मंडळाची मूर्ती आणणारा पंजाबी टेम्पोवाला.

मूर्ती त्याने स्वतःच्या रजईवर बसवली होती. मी पुढे त्याच्या शेजारी बसले होते. खड्डा दिसला की तो वेग कमी करून मागे वळून म्हणायचा, "आराम से, बप्पाजी."

आरतीच्या वेळी मात्र तो नुसताच उभा. मी म्हटलं, "भाईसाब, हाथ जोडो."

तो हसला आणि वडिलांबद्दल सांगू लागला. "मॅडमजी, बाउजी मार-मार के जुडवाते थे. बाउजी गए, तो हाथ खुल गए. रब भी शायद उन्हीं के साथ चला गया."

काकूंनी मला कोपर मारलं. "अगं, तूही हुकूमच सोडलास की!"

विसर्जनालाही त्याचाच टेम्पो ठरवला आहे. 'आरतीला थांबाल का?' एवढं विचारायचं अजून राहिलंय.