ईशान्येकडे तोंड

मंडळी, आज प्रयोगशाळेत जे झालं ते लगेच मेलवर लिहून टाकते.

जटामांसीच्या मुळात झोप आणणारा एक कडू पदार्थ असतो. त्याचा रेणू आम्ही बनवलाय, पण आरशात दिसावा तसा उलटा. सकाळी जुन्या सवयीने कणभर जिभेवर ठेवला. कडू लागायला हवा होता, पण कसलीच चव नव्हती.

दुपारी तोच उंदरांना टोचला. थोड्या वेळाने उंदरांची देखभाल करणारे शिवण्णा आले आणि त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "अक्का, स्वल्प येऊन बघा."

एकही उंदीर झोपला नव्हता. सगळे ईशान्येकडे तोंड करून निश्चल बसले होते. शिवण्णांनी पिंजरा फिरवला, तर सगळे सावकाश वळून पुन्हा ईशान्येकडेच.

"देवाची दिशा, बसू देत," शिवण्णा हसले. पण पिंजऱ्याला पुन्हा हात लावला नाही.

बसवनगुडीला घरी येऊन हे लिहायला बसले. आत्ता आमचे हे चहा घेऊन आले आणि म्हणाले, "अगं, कॉम्प्युटरचं टेबल कोपऱ्यात कधी ओढलंस?"

मला आठवत नाही. कोपरा ईशान्येचाच आहे.

आपल्यात कुणी औषधांतलं जाणकार असेल तर सांगा, हे उतरतं ना? उंदरांचं अजून उतरलेलं नाही.