शिंत्रे सरांची कातडी

शिंत्रे सर कृत्रिम त्वचा बनवत, पण कातड्याला त्यांचा हात कधी लागला नाही. जतहून मेंढ्यांची कातडी शिरवळच्या आमच्या प्रयोगशाळेत आली, की रुमाल नाकाला लावून ते केबिनमध्ये पळत. ती धुणं, त्यातलं कोलॅजन काढणं, त्याचे कागदासारखे पापुद्रे करणं, हे सगळं आम्ही करायचं. भाजलेल्या जखमेवर असा पापुद्रा नीट बसला, की त्याच्या आधाराने नवी कातडी धरते. परिषदेत मात्र सर डोळ्यांत पाणी आणून सांगत, "ही त्वचा म्हणजे माझी लेक!"

"विज्ञानाला छाती लागते," हे त्यांचं लाडकं वाक्य. छाती नेहमी दुसऱ्याची असे.

एकदा मोठे पाहुणे येणार म्हणून त्यांनी माल रसायनातून घाईने बाहेर काढायला लावला. कोलॅजनचे धागे रसायनाने एकमेकांत घट्ट बांधावे लागतात, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

"सर, हे जखमेवर विरघळेल," मी म्हणाले.

"तुम्हा बायकांना शंकाच फार," म्हणत त्यांनी सही ठोकली.

तो माल सांगलीच्या एका दवाखान्यात गेला. तिथे मायाक्का होती, जतकडची मेंढपाळीण, स्टोव्हच्या भडक्यात हात भाजलेली. पापुद्रा विरघळला, जखम चिघळली. डॉक्टरांनी बोलावलं म्हणून आम्ही दोघं गेलो, तर तिचा नवरा दारातच उभा.

"आवं सायेब, तुमचं कातडं लावलं आन् त्याचं पानी झालं. हात सडाय लागलाय तिचा."

"माल उत्तम होता," सर म्हणाले. "तुमची जखमच घाण होती."

"व्हय सायेब. चांगली असती तर हितं कशाला आनली असती?"

सर गाडीत जाऊन बसले. डॉक्टरांनी मायाक्काच्या मांडीची कातडी काढून हातावर लावली. ती वाचली, पण तिची बोटं अजून मिटत नाहीत. पुढचा माल आम्ही पुरता वेळ देऊन केला. तो टिकला, आणि त्याबद्दलचा सत्कार सरांनी घेतला.

निवृत्तीनंतर सर सांगलीत राहायला गेले. गेल्या वर्षी गीझरच्या कढत पाण्याने त्यांचा पाय भाजला. मी फळं घेऊन त्याच दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा तेच डॉक्टर पापुद्र्याचा खोका उघडत होते. सरांनी पाय ओढून घेतला.

"हे नको! परदेशी नाही का?"

"सर, तुमचाच माल आहे. खोक्यावर तुमचा फोटोसुद्धा आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच नको," सर म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

फळांची पिशवी मी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना दिली आणि निघाले.