एकच जोडी

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या ऑफिसात मी चौदा वर्षं काम करते. हजेरी, पगारपत्रक, विमा, सगळं माझ्याकडं. कुणाच्या बायकोचं नाव आधार कार्डावर काय आणि रेशन कार्डावर काय, हे मला तोंडपाठ. कायदा बदलला की त्याचं पत्रक आधी माझ्या टेबलावर येतं, मग मी ते सगळ्यांना समजावते. मिलमध्ये म्हणतात, मॅडमला विचारा, मॅडमला सगळं कळतं. कळतं, कपाळ माझं!

नवा कायदा लागू झाला तेव्हाही तसंच पत्रक आलं. पगार कशाला म्हणायचं, हेच बदललं होतं. घरभाडं, प्रवासभत्ता वगैरे आता एका मर्यादेपर्यंत पगारात धरायचं नव्हतं. त्यामुळं जास्त पगार म्हणून सरकारी कामगार विम्यातून बाहेर पडलेले माझ्यासारखे काहीजण परत आत आले. खाली आणखी एक ओळ होती. कामगार बाई असेल, तर तिच्या आईवडलांबरोबर तिच्या सासूसासऱ्यांचंही नाव टाकता येईल. बरोबर. मी ती ओळ मिलमधल्या बायकांना वाचून दाखवली, माहितीचा कागद टाईप केला, त्यात दोन रकाने वाढवले. एकजण म्हणाली, "बरं झालं बाई, आता घरात तोंडं वाकडी होणार न्हाईत." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही.

माझं माहेर मुखेड. वडील लवकर गेले, मी एकुलती एक, आई तिथं एकटीच राहायची. तिच्या हृदयाची झडप खराब झाली तेव्हा माझ्या सरकारी विम्याच्या कार्डावर तिचं नाव होतं, म्हणून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात झडप बदलून मिळाली. लोखंडी झडप, असं आई सगळ्यांना सांगायची. त्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी, आणि गोळी नीट लागू पडते का ते बघायला महिन्यातून एकदा नांदेडला रक्ताची तपासणी. मुखेडहून सकाळची एसटी, कार्ड दाखवायचं, रक्त द्यायचं, दुपारी परत. दोन वर्षं तिनं एक महिना चुकवला नाही.

मग माझा पगार वाढला. वाढला कसला, मी भांडून वाढवून घेतला. मालकांच्या केबिनमध्ये उभी राहून सांगितलं, माझ्यानंतर आलेल्यांना जास्त आणि मला कमी, हे चालायचं नाही. ऑफिसात पेढे वाटले. पगार मर्यादेच्या वर गेला की माणूस सरकारी विम्यातून बाहेर, हे मला माहीत नव्हतं का? होतं. दुसऱ्यांना मीच सांगायचे. पण वरच्या पगाराच्या लोकांना मिल खाजगी कंपनीचा विमा देणार होती. एजंट सांगून गेला, जुना आजार असला तरी चालतो, नुसतं कार्ड दाखवा. मला वाटलं, बरंच झालं की.

फॉर्म आला. त्यावर छापलं होतं, आईवडील किंवा सासूसासरे, एकच जोडी. माझ्याकडं जोडी कुठली! इकडं सासू एकटी, तिकडं आई एकटी. दोघी मिळून एक जोडी झाली असती, पण तसं चालत नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. संध्याकाळी मी फॉर्म घेऊन बसले तर आत्यांनी पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीतलं आधार कार्ड काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. कुणी मागितलं नव्हतं. नवरा टीव्ही बघत होता. मी आईचं नाव टाकलं असतं तर आमच्या घरात कुणी भांडलं नसतं. ते आधार कार्ड गुपचूप परत पेटीत गेलं असतं, एवढंच.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "सासूचंच टाक की. लेकीच्या जिवावर दवाखाने करायली म्हणतील मला. मी लई बरी हाय आता."

"आणि तपासणी?"

"जाईन की. एसटी कुठं बंद झाली?"

माझा जीव भांड्यात पडला. हे लिहायला लाज वाटते, पण पडला. मी आत्यांचं नाव लिहिलं. तपासणीचे पैसे पाठवते म्हटलं की आई म्हणायची, "ठेव, तुझ्या लेकराला लागतील." मी फार आग्रह केला नाही. दर महिन्याला फोनवर विचारायचे, "जाऊन आलीस का नांदेडला?" ती होकार द्यायची, "हाव." "रिपोर्ट बरोबर आला?" "हाव." मग मी दुसरं काहीतरी बोलायचे, भाजी काय केली वगैरे.

आत्यांनी त्या विम्याचं कार्ड हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दाखवलं, सुनेनं काढलाय म्हणून. मग ते आधार कार्डाबरोबर पिशवीत गेलं.

दीड वर्षानं आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. आई सकाळी अंगणात पडली, तोंड वाकडं झालं, बोलता येईना, तिला नांदेडला नेताहेत. मी ऑफिसातून तशीच उठले आणि नांदेडची गाडी पकडली. चाकूरला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून चहा प्यायले. आई दवाखान्यात पडलेली आणि मी उभ्यानं चहा पितेय. का प्यायले, अजून कळत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटची रक्ततपासणी कधी? मी ठसक्यात सांगितलं, दर महिन्याला होते. ते म्हणाले, झडपेवरची गुठळी मेंदूत गेलीय, फाइल आणा. नंतर मुखेडच्या घरी जाऊन फाइल उघडली. सरकारी कार्ड बंद झाल्यावरची फक्त तीन महिन्यांच्या तपासणीच्या चिठ्ठ्या होत्या, पुढं काही नाही. फळीवरच्या स्टीलच्या डबीत गोळ्या होत्या, सगळ्या अर्ध्या मोडलेल्या. जास्त दिवस पुरतील म्हणून. मी डबी बंद करून होती तिथं ठेवली आणि घराला कुलूप लावलं.

आईचा उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं गेलं, एक शब्द तेवढा राहिला. हाव. भूक लागली का, हाव. पोट भरलं का, हाव. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा सवयीचा शब्द टिकतो. तेव्हापासून ती लातूरला माझ्या घरी आहे. लेकीच्या घरी राहायचं नाही म्हणणारी बाई माझ्या पुढच्या खोलीत खाटेवर आहे, आणि मी मिलमध्ये गेले की तिचं सगळं आत्या करतात.

नव्या कायद्याचा तो माहितीचा कागद मी रविवारी घरी आणला. आत्या आईला पातळ भात भरवत होत्या. मी सांगितलं, आता दोघींचीही नावं टाकता येतात.

"दोघींची? मग तवा माझं कामून टाकलं? मी तर त्या कार्डावर एकदाबी दवाखान्यात गेले न्हाई."

असा संताप आला मला! "तुम्हीच आधार कार्ड काढून ठेवलं होतं ना पुढं?"

"मी आपलं ठेवलं. तू म्हणायचं न्हाई का, आत्या, या वेळी आईचं टाकते म्हणून?" त्यांनी आईचं तोंड पदरानं पुसलं. "मी कशाला न्हाई म्हणले असते?"

म्हणायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं.

आत्या वाटी घेऊन आत गेल्या. मी आईच्या खाटेवर बसले आणि ती पडल्यापासून विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई, तू तपासायला जात नव्हतीस ना?"

"हाव."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"हाव."

"मी तुझं नाव टाकायला पाहिजे होतं. माझ्यामुळं झालं ना हे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि फोनवर म्हणायची तितक्याच मायेनं म्हणाली, "हाव."